चावणाऱ्या मुलांची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे आणि माझ्या दोन्ही बाजूंना इंग्रजी लिहिलेलं आहे. हे ऐकून तुम्हाला वाटेल, बाई भारीच शिकलेल्या दिसतात. तसं काही नाही. एवढं इंग्रजी अंगावर वागवूनही माझी मान बहुतेक खालीच राहिली. एक तर मला टांगलंच होतं जरा पुढं झुकवून, म्हणजे जिना चढून येणाऱ्याला नीट वाचता यावं. पण सरळ टांगलं असतं तरी मी खालीच बघितलं असतं. का, ते सांगते. हसू आलं तर खुशाल हसा, मला सवय आहे.

माझा जन्म तेलाच्या डब्यातून झाला. तेल संपलं आणि डबा एका पेंटरच्या हाती लागला. त्यानं तो कात्रीनं उभा चिरला, हातोडीनं ठोकून सपाट केला, कुणाचा हात कापू नये म्हणून कडा दुमडल्या. मला वाटलं, आता आपल्यावर काहीतरी झकास येणार. एखाद्या बँकेचं नाव, नाहीतर गेला बाजार चपलांची जाहिरात. पण त्यानं मला स्टुलाशेजारी उभं केलं आणि माझ्या पाठीवर ब्रश पुसायला सुरुवात केली. लाल ब्रश पुसला, निळा पुसला, मग मातकट. दुकानात आलेलं कुणी विचारायचं, हे कसलं चित्र? पेंटर गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, समुद्रात बुडालेली आगगाडी. एका गृहस्थांना तर त्यात चाकंसुद्धा दिसली. मी शरमेनं तापायचे. पत्रा लवकर तापतो, एवढंच कारण नव्हतं.

तर असा हा पेंटर. तोंडानं साळसूद, डोक्यात सतरा उचापती. अख्खी गल्ली त्याला मामा म्हणायची. खरी भाची मात्र एकच, त्याच्या ताईची मुलगी. तेव्हा ती पहिलीत होती आणि तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. हिला नीट लक्षात ठेवा, गोष्ट तिचीच आहे. मी आपली मध्ये लटकलेली.

एक दिवस पलीकडच्या रस्त्यावरचे दातांचे डॉक्टर दुकानात आले. बोटाला वांग्याएवढं बँडेज. म्हणाले, एक पोरगी चावली. कोण कुणाची, नाव लक्षात नाही. तिच्या आईनं माफी मागत मागत तिला खाली नेलं. पुढचे दोन दात पडले होते, बाकीच्यांनी चावली. आणि जिना उतरताना जोरात म्हणत होती, मामाला सांगीन.

मामाचा ब्रश हवेतच राहिला.

डॉक्टरांना पाटी हवी होती. जी मुलं चावतात, त्यांना आम्ही तपासत नाही. आणि इंग्रजीत हवी होती, कारण मराठीत लिहिलं की लोक वाद घालत बसतात, इंग्रजीत लिहिलं की गप्प बसतात. मामाला तिथंच म्हणता आलं असतं की डॉक्टर, ती माझी भाची. तो म्हणाला, परवा घेऊन जा. गिऱ्हाईक मोठं होतं आणि त्याला लाजही वाटली. नक्की कुणाची, भाचीची की स्वतःची, ते त्यालाच ठाऊक.

आणि लिहायला घेतली कोणावर? माझ्यावर. आगगाडीची बाजू मागं गेली, कोरी बाजू पुढं आली.

मामाचं इंग्रजी म्हणजे मराठीलाच पँट घातलेली. त्यानं वाक्यातला एकेक शब्द उचलला आणि समोर इंग्रजी शब्द ठेवला. 'जी'ला विच, 'त्यांना'ला देम, काही सांडलं नाही, काही उरलं नाही. झालं तयार: 'विच चिल्ड्रन आर बाइटिंग, देम वी आर नॉट चेकिंग.' अक्षर इतकं देखणं, प्रत्येकाला खाली सावली दिलेली, की डॉक्टरांनी लांबूनच मान डोलावली आणि मला जिन्याच्या वरच्या टोकाला, दारापाशी ठोकलं.

मित्रांनो, दाढ दुखत असताना हसलं की दाढ दुप्पट दुखते. हे मला त्या जिन्यात कळलं. लोक गाल धरून वर यायचे, मला वाचायचे, फस्सकन हसायचे आणि मग 'आई गं' करत मलाच शिव्या द्यायचे. कॉलेजची पोरं तर दात ठणठणीत असताना मुद्दाम जिना चढून यायची. मी शक्य तितकी भिंतीकडे वळायचा प्रयत्न केला, पण चारही कोपऱ्यांत खिळे होते.

मग एकदा शाळेतल्या इंग्रजीच्या बाई आल्या. दाढ भरून झाली होती, तोंडात कापसाचा बोळा कोंबलेला, बोलायची सोय नाही. निघता निघता त्यांची नजर माझ्यावर पडली. बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं आणि माझ्यावरच चूक काढायला लागल्या. पेन पत्र्यावर उमटेना. बाई पुन्हा पुन्हा गिरवत होत्या आणि बोळ्यातून काहीबाही पुटपुटत होत्या. शेवटी डॉक्टरांनी मामाला बोलावून घेतलं.

बाईंनी बोळा काढून त्याला जिन्यातच धडा दिला. मराठीत 'जी' आली की पाठोपाठ 'त्या'ला यावंच लागतं, दोघी जोडीनं फिरतात. इंग्रजीत तसं नाही. तिथं 'हू' एकटाच येतो, आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्या मागं शेपटासारखा चिकटतो. 'चिल्ड्रन' आणि लगेच 'हू बाइट'. या शेपटाला म्हणायचं रिलेटिव्ह क्लॉज. मामानं विचारलं, म्हणजे 'देम'ला सुट्टी? बाई म्हणाल्या, कायमची. मामानं मला काढलं, घासलं, पिवळसर रंग दिला आणि काळ्या अक्षरांत नवं वाक्य लिहिलं: 'वी डू नॉट ट्रीट चिल्ड्रन हू बाइट.' आम्ही चावणाऱ्या मुलांवर इलाज करत नाही.

आता माझ्यात खोट काढायला जागा नव्हती. लोक हसेनात. एक वकील दोनदा मला वाचून म्हणाले, वा, स्वच्छ इंग्रजी. तेवढी काही वर्षं मी मान वर करून काढली. मला काय माहीत, चुकीची होते तेव्हा माझ्यामुळं फक्त हसू येत होतं.

पुढचं मला वेटिंग रूमच्या बाकावरून कळलं. त्या बाकावर पोरं आपला नंबर येईपर्यंत शाळेच्या गप्पा मारायची आणि दार कायम उघडं असायचं. बाईंनी वर्गात रिलेटिव्ह क्लॉज शिकवायला घेतला आणि उदाहरण म्हणून फळ्यावर मलाच लिहिलं. बाईंना मी आवडत होते, त्यांचंच वाक्य होतं. त्यांनी विचारलं, डॉक्टर कोणत्या मुलांना घेत नाहीत? सगळ्या? नाही. फक्त कोणत्या? 'हू बाइट' हे शेपूट त्या मुलांकडे बोट दाखवतं, बाकीच्यांना सोडून देतं. आता 'चिल्ड्रन'नंतर एक कॉमा टाकला तर काय होईल? मग ते बोट राहत नाही, सगळ्या मुलांबद्दलची माहिती होते. आम्ही मुलांवर इलाज करत नाही, मुलं चावतात. एका कॉमानं अख्खी पोरंटोरं बाहेर.

वर्ग खूश. आणि मागच्या बाकावरून तिच्याच गल्लीतलं कुणीतरी म्हणालं, बाई, कोणती मुलं म्हणजे काय, ती बघा ना, तिकडं बसलीय. तिच्यामुळंच तर लावलीय ती पाटी.

सगळा वर्ग वळून मामाच्या भाचीकडे बघायला लागला. सातवीतली मुलगी, दोन वेण्या, सगळे दात आलेले. आणि मित्रांनो, बाईसुद्धा हसल्या. फार नाही, ओठांतल्या ओठांत. उदाहरण वर्गातच सापडलं की मास्तर माणसाला राहवत नाही. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं, हूबाइट. ए हूबाइट, पेन्सिल दे. हूबाइटच्या डब्याला हात लावू नका रे. बाकावरची पोरं हे सांगून हसत होती आणि वर मी, ज्या वाक्यातून तिचं नाव कापून घेतलं ते वाक्य छातीवर मिरवत टांगलेली.

त्यानंतर ती जिन्यात दिसायला लागली. पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं, कुणासोबत तरी आली असेल. एकटीच होती. अर्धा जिना चढली, थांबली, मला वाचलं आणि खाली गेली. पुन्हा आली, पुन्हा तेच. उजवा गाल हातात धरलेला. लवंगेचा वास जिनाभर यायचा, म्हणजे घरात कुणाला न सांगता दाढेत लवंग धरत होती. दर खेपेला गाल थोडा जास्त सुजलेला. आत डॉक्टर होते, औषध होतं, खुर्ची रिकामी होती. मधे मी होते. मला मोठ्यानं सांगायचं होतं की पोरी, त्यांना तू आठवतसुद्धा नाहीस, जा आत. पण पाटीला जेवढं लिहिलंय तेवढंच बोलता येतं.

एका दुपारी मामा माझी पुसट झालेली अक्षरं गिरवायला आला. स्टूल लावलं, काळ्या रंगाचा डबा पायरीवर ठेवला. भाची मागोमाग आली, ओढणी गालाभोवती गुंडाळलेली. मामानं ओढणी बाजूला केली आणि त्याचा चेहराच उतरला. आत्ताच्या आत्ता आत चल, म्हणाला. ती डब्याशेजारी बसून राहिली. मामानं समजावलं, दटावलं, आइसक्रीम कबूल केलं. दाढ दुखणाऱ्या पोरीला आइसक्रीम, तेवढं मामाच करू जाणे. ती हलेना.

मग ती म्हणाली, "मामा, एक कॉमा दे ना."

"कुठं?"

"चिल्ड्रनच्या नंतर."

"त्यानं काय होतंय?"

"मग सगळीच मुलं चावतात. मी एकटीच नाही."

मामाला आठवलं असणार ते बँडेज, तो हवेत राहिलेला ब्रश आणि 'परवा घेऊन जा'. त्यानं बारका ब्रश घेतला. आजवर त्यानं दारूच्या दुकानापासून देवळाच्या दारापर्यंत हव्या तेवढ्या पाट्या रंगवल्या होत्या, बोलत बोलत, एका हातानं. तो एवढासा कॉमा मात्र श्वास धरून काढला. पोट गोल, शेपूट डावीकडे वळलेलं. स्टुलावरून उतरताना हलकेच म्हणाला, पिटुकले, हे मी आधीच करायला पाहिजे होतं.

ती उठली, मला वाचलं, एक पायरी चढली. आणि नेमक्या तेव्हाच खालून बाई आल्या. त्यांच्या भरलेल्या दाढेचं सिमेंट निघालं होतं.

बाईंच्या नजरेतून माशी सुटेल, कॉमा नाही सुटणार. हा कुणी टाकला, म्हणाल्या, अहो सगळा अर्थच फिरला, मुलांना कुणी आत सोडणार नाही आता. मामाकडे रागानं बघत त्यांनी रुमाल काढला आणि ओला कॉमा पुसायला बोट पुढं केलं. बोट टेकलंसुद्धा.

"बाई, पुसू नका." सुजलेल्या गालातून शब्द धड येत नव्हते. "तुम्हीच शिकवलं ना. कॉमा नसला की बोट दाखवल्यासारखं होतं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. गालाकडे पाहिलं. मग स्वतःच्या बोटाकडे, काळा रंग लागलेल्या, अजून माझ्याकडेच रोखलेल्या. बाईंनी बोट हळूच मिटून घेतलं. त्या दिवशी मी हसायला नको होतं गं, एवढंच म्हणाल्या, तेही इतक्या खालच्या आवाजात की मला पत्र्यानं ऐकावं लागलं. आणि रंगाचा हात तसाच मागं धरून, दुसऱ्या हातानं तिचा हात पकडून तिला आत घेऊन गेल्या. आपला नंबर बाईंनी तिला दिला.

आतली खुर्ची मला दारातून दिसायची. डॉक्टरांनी दिवा खाली ओढला, आरसा घेतला, तोंडात डोकावले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. इतके दिवस काय करत होतीस, असं काहीतरी पुटपुटले. मग नेहमीच्या गोड आवाजात, प्रत्येक पोराला म्हणायचे तसं म्हणाले, "अजिबात दुखणार नाही हं."

ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

"तेव्हाही हेच म्हणाला होतात. नुसतं बघतोय म्हणालात, आणि दात उपटायचा चिमटा पाठीमागं लपवला होता."

डॉक्टरांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांचा अंगठा आपोआप त्या बोटावर गेला, जिथं अजून पांढरी खूण होती. मी तेव्हा तिथं नव्हतेच, मित्रांनो, मी त्यानंतरची. बोट दिसलं, बँडेज दिसलं, चावलेले दात सगळ्यांना दिसले. पाठीमागचा चिमटा कुणी विचारला नव्हता. मी तर इतकी वर्षं एकच बाजू सांगत होते. डॉक्टर बराच वेळ आरसा पुसत राहिले. आरसा चांगला लख्ख होता.

शेवटी म्हणाले, "खरं आहे. खोटं बोललो होतो मी." मग घसा साफ करून म्हणाले, "आता दुखेल. सुई टोचताना दुखेल. मग बधिर होईल. टोचायच्या आधी सांगेन."

ती बसली. तोंड उघडलं. आणि ज्या बोटाला ती एकदा चावली होती तेच आता तिच्या दातांमध्ये होतं. ती चावली नाही. डोळ्यांतून पाणी आलं, खुर्चीचे हात घट्ट धरले, पण चावली नाही. बाई दाराशी पाठ करून उभ्या होत्या. मामा बाहेर जिन्यावर बसून आपलेच केस ओढत होता.

दाढ वाचली नाही, मित्रांनो. दुधाची नव्हती, पक्की होती, पुन्हा न येणारी. डॉक्टर म्हणाले, दुखायला लागली तेव्हाच आली असती तर भरून देता आली असती. तेव्हाच ती आली होती आणि मला वाचून अर्ध्या जिन्यावरून परत गेली होती. हे मी कुणाला सांगणार? त्या दिवशी माझ्यावर ऊन पडलं नव्हतं तरी मी तापलेली होते.

सूज उतरल्यावर ती पुन्हा दाखवायला आली, मामाला घेऊन. डॉक्टरांनी स्वतः स्टुलावर चढून माझे खिळे उपसले. मामाला म्हणाले, हे पुसून टाका, दुसरं काहीतरी लिहा. मामानं ते न पुसता मला उलटं केलं, तर मागं आगगाडी अजून बुडालेलीच. तिच्यावर त्यानं पांढरा हात मारला, वाळवला आणि ब्रश घेऊन डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. तुला काय वाटतं, काय लिहावं?

तिला विचार करावा लागला नाही. बहुतेक जिन्यात उभी राहून कधीच जुळवून ठेवलं होतं.

"चिल्ड्रन बाइट डॉक्टर्स हू लाय." खोटं बोलणाऱ्या डॉक्टरांना मुलं चावतात.

मामाच्या तोंडावर हसू फुटलं आणि त्यानं ते घाईघाईनं गिळलं. डॉक्टर हसले नाहीत. लिहा म्हणाले. मामा लिहायला लागला. 'डॉक्टर्स'पर्यंत आला आणि त्याचा तो खोडकर हात थांबला. मान न वळवता त्यानं विचारलं, "कॉमा टाकू?"

बाकावरच्या गप्पांतून एव्हाना वेटिंग रूममधल्या सगळ्यांना त्या कॉमाचं गणित पाठ झालं होतं, डॉक्टरांनासुद्धा. टाकला तर सगळे डॉक्टर खोटारडे. नाही टाकला तर फक्त खोटं बोलणारे, आणि ते कोण, हे ज्याचं त्यानं बघावं. डॉक्टर पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घालून उभे होते, वर्गात नाव पुकारलेल्या पोरासारखे. तिनं जीभ रिकाम्या हिरडीवर फिरवली. तिच्या हातात होतं आणि तिनं घाई केली नाही.

"नको," ती म्हणाली. "सगळे डॉक्टर खोटं बोलत नाहीत."

डॉक्टरांनी खिशातला हात काढला आणि चष्मा पुसायला घेतला.

तेव्हापासून मी जिन्यात नाही. मला आत टांगलंय, खुर्चीच्या समोर. पेशंट आडवा झाला की त्याला छत दिसतं, मी दिसत नाही. मी फक्त डॉक्टरांना दिसते. पोर खुर्चीत बसलं की ते एकदा माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, दुखेल थोडंसं, आधी सांगतो. कधी कधी 'अजिबात' शब्द ओठांपर्यंत येतो, मग ते खोकतात.

मित्रांनो, तुम्हीही उद्या पाट्या लिहाल, नोटिसा लावाल. जी मुलं अशी करतात, जी माणसं तशी वागतात, असं ठसठशीत अक्षरांत लिहाल. लिहा, पण टांगण्याआधी पाटी एकदा उलटी करून बघत जा. आणि कधी या दवाखान्यात आलात, तर मला पुसताना ओलं फडकं दोन्ही बाजूंनी फिरवा. फक्त भिंतीकडच्या बाजूला, 'चिल्ड्रन'च्या पुढं, बोटानं फिसकटलेला एक काळा ठिपका आहे, तेवढ्यावर घासू नका. तो चुकीचा आहे हे मला माहीत आहे. माझ्या अंगावरचं तेवढंच एक आहे, ज्याची मला लाज वाटत नाही.